खेळ आपला, किल्ली कोणाची?

खेळ म्हटला की थोडेफार साहित्य लागतेच. विटीदांडूला दोन लाकडे लागतात, लंगडीला तीही नाहीत. कॅरमला बोर्ड आणि चिमूटभर पावडर, पत्त्यांना बावन्न पाने आणि रिकामी दुपार. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळू लागला, की याच साहित्यावर घरोघरच्या सुट्ट्या निभावत आल्या. यांपैकी एकाही खेळाने खेळणाऱ्याला कधी त्याचे नाव, जन्मतारीख आणि परवलीचा शब्द विचारला नाही. संगणकावरचा खेळ मात्र हे सारे विचारतो. एवढेच नव्हे, तर खेळाच्या चित्रावर टिचकी मारली की आधी खेळ उघडतच नाही. उघडतो तो त्याचा द्वारपाल. त्याला इंग्रजीत ‘लाँचर’ म्हणतात आणि ज्या घरात संगणकावर खेळणारे मूल आहे, त्या घरात हा शब्द आता कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा झाला आहे.

ज्यांच्या घरात तो अजून पोहोचला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. लाँचर म्हणजे संगणकात बसवायचा एक कार्यक्रम. त्यातूनच खेळ विकत घ्यायचा, त्यातूनच तो उतरवून घ्यायचा आणि पुढे दरवेळी त्यातूनच उघडायचा. स्टीम, एपिक, यूबीसॉफ्ट कनेक्ट, ईए ॲप, बॅटल डॉट नेट, रॉकस्टार ही त्यांतली ठळक नावे. एका संगणकावर यांतले तीन-चार तरी सुखेनैव नांदत असतात. निदान वरवर तरी. हे द्वारपाल खेळणाऱ्याच्या सोयीचे, की उगाच मागे लागलेली कटकट, असा वाद खेळणाऱ्या मुलांमध्ये नेहमी रंगतो. वाद मुलांचा असला तरी पैसा पालकांचा आहे, म्हणून तो रविवारच्या चहाबरोबर घरातल्या मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

सीडीच्या काळात

नव्वदच्या दशकात संगणक हा घरात नव्हे, तर संगणक शिकवणाऱ्या वर्गात असायचा. शिक्षकांचा डोळा चुकवून ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळणारी पिढी आज स्वतः पालक आहे. पुढे सायबर कॅफे आले, ‘रोड रॅश’ आला, ‘काउंटर-स्ट्राइक’ आला. खेळ मित्राच्या मित्राकडून सीडीवर यायचा. त्यातल्या बहुतेक सीड्या चोरीच्या असत, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्याचे कोणाला फारसे वाटतही नव्हते. सीडीवर ओरखडा पडला की खेळ संपला. खेळात काही दोष असला तर तो दोषासकट खेळायचा, कारण दुरुस्ती मिळणार कुठून?

या अडचणींवर उपाय म्हणून अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम सुरू केले. मूळ हेतू साधा होता. लाखो लोकांकडे गेलेल्या खेळात दुरुस्ती करायची तर ती सगळ्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचवायची कशी, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ हा बहुचर्चित खेळ आला, तेव्हा दुकानातून डबा विकत घेणाऱ्यालाही इंटरनेट जोडून स्टीमवर खाते उघडणे भाग पडले. जगभर ओरड झाली. आपल्याकडे बीएसएनएलचे ब्रॉडबँड त्यानंतर, २००५ च्या जानेवारीत सुरू झाले. तोवर टेलिफोनच्या तारेतून किरकिरत येणाऱ्या इंटरनेटवर पान उघडेपर्यंत चहा होऊन जात असे. खेळाला इंटरनेटची परवानगी लागते, ही कल्पनाच तेव्हा वेडगळ वाटली असती. ती आज नित्याची झाली आहे.

अडत्याचे काम

विदर्भातल्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. लाँचर हा खेळांच्या बाजारातला अडत्या आहे. माल बनवणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मध्ये हा. मालाला जागा देतो, वजनमाप पाहतो, पैशाची देवघेव उरकतो आणि त्याबद्दल आपली अडत कापून घेतो. स्टीमची अडत साधारणपणे ३० टक्के आहे. फार मोठी विक्री होणाऱ्या खेळांसाठी ती २०१८ पासून टप्प्याने कमी केली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एपिकने आपले दुकान उघडले आणि अडत १२ टक्के ठेवून स्टीमला आव्हान दिले.

अडत्याला शिव्या देणे सोपे असते, पण त्याच्यावाचून अडते ते कोणाचे, हेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये काढला. हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी झुंजणाऱ्या मुलीची ही गोष्ट भारतीय पुराणकथांच्या आधाराने रचलेली आहे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत तिचा समावेश झाला. डबे छापून, ते बोटीने पाठवून, अमेरिकेतल्या दुकानांच्या फळीवर जागा मिळवायची असती, तर पुण्याच्या चमूला ते कधी जमले असते काय? स्टीम, एपिक यांसारख्या दुकानांमुळे तो खेळ पुण्यातून निघाला आणि एका दमात जगभर पोहोचला. आर्वीच्या मुलाला आणि टोरांटोच्या मुलालाही तो एकाच दिवशी मिळू शकला.

घेणाऱ्याचाही फायदा आहे. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती दिसू लागल्या. त्याच वर्षापासून खेळ घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळून झाला असेल, तर पैसे परत मागण्याची सोय झाली. आपल्याकडच्या किती दुकानदारांनी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अजून काढली आहे? संगणक बिघडून नवा घेतला, तरी जुने खेळ खात्यात तसेच राहतात आणि खेळ अर्धा सोडला असेल तर पुष्कळ खेळांत तिथूनच पुढे सुरू करता येतो. दुरुस्त्या आपोआप येतात. शिवाय चोरीच्या सीडीबरोबर जे विषाणू घरात शिरत, त्यांचा त्रास कमी झाला. चोरीचा माल का खपतो, तर खरा माल मिळवणे त्याहून कठीण असते म्हणून. तो सोपा करा, लोक पैसे देतील, असे स्टीमचे कर्तेधर्ते गेब न्यूएल यांचे मत होते. निदान त्यांच्या धंद्याने ते खरे करून दाखवले.

दारामागे दार

मग तक्रार आहे तरी कशाची? तक्रार पहिल्या दाराची नाही, दारामागच्या दाराची आहे.

आपल्याच मालावर दुसऱ्याने ३० टक्के का घ्यावेत, असा विचार मोठ्या कंपन्यांच्या मनात आला आणि प्रत्येकीने आपापला अडत्या उभा केला. ईएने २०११ मध्ये ‘ओरिजिन’ काढले. यूबीसॉफ्टने ‘यूप्ले’ काढले आणि २०२० मध्ये त्याचे नाव बदलून ‘यूबीसॉफ्ट कनेक्ट’ केले. बेथेस्डाने काढले, रॉकस्टारने २०१९ मध्ये काढले. पैशाबरोबर या कंपन्यांना आणखी एक गोष्ट हवी होती. कोण, किती वेळ, काय खेळतो ही गिऱ्हाइकाची कुंडली आपल्या हाती असावी, ही त्यांची इच्छा होती.

पण गिऱ्हाईक जुन्या बाजारालाच सरावले होते. तेव्हा यातल्या बऱ्याच कंपन्या काही वर्षांनी स्टीमवर परतल्या. ईए २०१९ मध्ये, यूबीसॉफ्ट २०२२ च्या अखेरीस. परतताना मात्र आपला द्वारपाल बरोबर घेऊन आल्या. आता खेळ स्टीमवर विकत घ्यायचा, स्टीममधून उघडायचा, की लगेच यूबीसॉफ्टचा किंवा रॉकस्टारचा लाँचर पुढे येऊन पुन्हा नाव आणि परवलीचा शब्द विचारणार. वर्ध्याहून मुंबईचे तिकीट काढून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसावे आणि बडनेऱ्याला उतरवून ‘आता आमच्या खिडकीवर नाव नोंदवा, मगच पुढे’ असे सांगावे, तसा हा प्रकार आहे. यात प्रवाशाची सोय काय, हे दुर्बिण लावूनही दिसत नाही.

त्यातून हे द्वारपाल अल्पायुषी. बेथेस्डाने आपला लाँचर मे २०२२ मध्ये बंद केला आणि ग्राहकांना आपले खेळ स्टीमकडे हलवून घ्यावे लागले. ओरिजिनची जागा ईए ॲपने घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये ओरिजिन इतिहासजमा झाले. दरवेळी नवे खाते जोडा, नवा कार्यक्रम उतरवा आणि परवलीचा कोणता शब्द कोणत्या दाराला लागतो हे आठवत बसा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाच्या कामासाठी रस्ता खोदला आणि त्यात इंटरनेटची तार तुटली. तीन दिवस घर इंटरनेटविना होते. पुतण्या सुट्टीला आला होता. त्याने विकत घेतलेला, आमच्याच संगणकावर उतरवून ठेवलेला, एकट्यानेच खेळायचा खेळ उघडायला घेतला, तर द्वारपाल म्हणाला, आधी इंटरनेट जोडा, तुमची ओळख पटवायची आहे. पुतण्या वैतागून म्हणाला, “मोठे बाबा, खेळ आपल्या घरात आहे, पैसे आपण दिले, मग हा कोणाले विचारून राहिला?” दहावीतल्या मुलाचा हा प्रश्न मला एखाद्या वकिलाच्या उलटतपासणीइतका नेमका वाटला. इंटरनेट नसताना चालणारी व्यवस्था काही लाँचरमध्ये असते, पण ती आधी इंटरनेट असताना चालू करून ठेवावी लागते. म्हणजे तार कधी तुटणार हे आपल्याला अगोदर कळायला हवे!

आकडे मांडून पाहिले तर ही अडचण आणखी स्पष्ट होते. १०० जीबीच्या आसपासचे खेळ आता नवलाचे राहिलेले नाहीत. मोबाइलच्या रोज दीड जीबीच्या योजनेवर तो उतरवायचा म्हटले तर सहासष्ट-सदुसष्ट दिवस लागतील; आख्खी उन्हाळ्याची सुट्टी सरून शाळा सुरू होईल. घरी ४० एमबीपीएसची फायबर जोडणी असली तर हेच काम साडेपाच तासांत होते. जिल्ह्याच्या ठिकाणी ती सहज मिळते, पण गिरड किंवा आष्टीच्या बाजूच्या खेड्यातले घर त्याबाबतीत तेवढे नशीबवान असेलच असे नाही. सीडी होती तोवर वर्धा आणि खेडे यांत हा भेद नव्हता. तंत्रज्ञान पुढे गेले, पण सगळ्यांना सारखे घेऊन गेले नाही.

जुन्या यंत्रांचे तर हालच. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ यांना आधार देणे थांबवले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. पण दहा-बारा वर्षांपूर्वीचा खेळ त्याच काळातल्या संगणकावर आजही उत्तम चालू शकतो. म्हातारा होतो तो लाँचर. बैलगाडी ठीक, रस्ता ठीक, पण नाकेदार म्हणतो, तुमच्या गाडीची जात आता आमच्या वहीत नाही.

विकत की भाड्याने?

इथवरची कटकट सहन करता येईल. गंभीर गोष्ट पुढेच आहे. ‘विकत घ्या’ या बटणावर टिचकी मारून आपण जे घेतो, ती वस्तू नसतेच. तो वापराचा परवाना असतो. कराराच्या लांबलचक मजकुरात हे लिहिलेले असते आणि तो मजकूर कोणी वाचत नाही. स्टीमचे खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्रानेही नाही. आजोबांचा कॅरमबोर्ड नातवाकडे येतो, थोरल्याची सायकल धाकट्याला मिळते, पण हजारो रुपयांचे खेळ ज्याच्या नावावर आहेत त्याच्याबरोबरच संपतात.

हा केवळ कागदावरचा धोका नाही. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये निघाला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर बंद पडला. पाठोपाठ ग्राहकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. युरोपीय संघाकडे तिने केलेल्या मागणीवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी माफक आहे : दुकान बंद करायचे तर करा, पण विकलेला खेळ खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला, की परवानाच देत असाल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगा. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. आपल्याकडे अशी स्पष्टता अजून यायची आहे आणि ग्राहक चळवळीची मोठी परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रातून ही मागणी व्हायला काय हरकत आहे?

दुसरा मार्ग अस्तित्वातच नाही असेही नव्हे. पोलंडमध्ये २००८ मध्ये सुरू झालेले ‘गॉग’ हे दुकान खेळ कुलपाशिवाय विकते. खेळ उतरवून पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर ठेवा, लाँचर वापरा किंवा वापरू नका. त्यांचाही लाँचर आहे, पण तो ऐच्छिक आहे. कुलपाशिवाय धंदा बुडतो, या युक्तिवादाला इतकी वर्षे चाललेले हे दुकान पुरेसे उत्तर आहे.

काहीजण म्हणतात, मग एकच लाँचर ठेवा, बाकीचे बंद करा. हे ऐकायला गोड आहे. पण कापसाच्या या मुलखाला एकाच खरेदीदाराचा अनुभव आहे. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने शेतकऱ्याला हमीचा आधार दिला, हे खरे. चुकारे लांबले की जायला दुसरे दार नसायचे, हेही तितकेच खरे. स्टीम आज सौजन्याने वागते. पण दुसरा कोणी नसेल तेव्हाही ते तसेच वागेल याची हमी काय? एपिक दर आठवड्याला काही ना काही फुकट देते, ते गिऱ्हाईक पळवण्यासाठीच, पण त्यात गिऱ्हाइकाचा लाभ आहे. बाजारात चार अडत्ये असणे चांगले. एका मालावर चार अडत्ये बसणे वाईट. या दोन गोष्टींतला फरक ओळखला की निम्मा वाद मिटतो.

घरच्यांनी काय पाहावे?

अशा वेळी घरातल्या मोठ्यांचे ठरलेले उत्तर असते : एवढी कटकट तर खेळूच नका. त्याने प्रश्न सुटत नाही. मूल मित्राच्या घरी जाऊन खेळते. त्यापेक्षा काही साध्या गोष्टी पाहाव्यात. खाते कोणाच्या ई-मेलवर आहे हे पालकांना माहीत हवे. स्टीमच्या करारानुसार तेरा वर्षांखालच्या मुलाला खातेच उघडता येत नाही, आणि मुले जन्मसाल बदलून ते सर्रास उघडतात. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. परवलीच्या शब्दाबरोबर फोनवर येणाऱ्या दुसऱ्या खुणेची सोय चालू करून ठेवावी, कारण मित्राच्या नावाने दुवे पाठवून खाती पळवणारे भामटे या बाजारात पुष्कळ आहेत.

एकाच घरात दोन मुले असतील तर स्टीमने २०२४ मध्ये आणलेली कुटुंबाची सोय उपयोगी आहे. एका घरातल्या सहाजणांपर्यंत खेळ वाटून घेता येतात आणि मुलाने किती वेळ काय खेळावे हेही पालकांना ठरवता येते. मात्र धाकट्याने थोरल्याचा खेळ घेऊन त्यात लबाडी केली, तर त्या खेळातून थोरल्यालाही बंदी होते. एकत्र कुटुंबाचे फायदे आणि तोटे, दोन्ही संगणकात शिरले म्हणायचे!

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकावरचे हे खेळ म्हणजे पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी घातली ती पैशाच्या खेळांवर. विकत घेऊन खेळायचा खेळ त्यात येत नाही. मुलाच्या पडद्यावर लाँचर दिसला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याला जोडलेले आपले कार्ड तिथे कायमचे साठवलेले नाही ना, एवढे मात्र पाहावे.

मगनवाडीची कसोटी

वर्ध्यात राहून यंत्राविषयी लिहायचे आणि गांधीजींची आठवण काढायची नाही, हे जमण्यासारखे नाही. गांधीजी यंत्राचे शत्रू होते, अशी समजूत अजूनही आढळते. पण १९२४ साली यंत्रांवर बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून आवर्जून वगळले होते. ते यंत्र माणसाचे कष्ट हलके करते आणि त्याला आपल्या ताब्यात घेत नाही, एवढे त्यांना पुरेसे होते. मगनवाडीतल्या १९३८ च्या मगन संग्रहालयात आजही चरखे पाहायला मिळतात. चरख्याची दोरी तुटली, तर कातणारा ती स्वतः बदलतो. चाती वाकली तर ती गावातच सरळ होते. सूत काढायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

खेळ म्हणजे खादी नव्हे, हे मलाही कळते. पण कसोटी इथेही तीच लावता येते. जो लाँचर खेळ आणून देतो, सांभाळतो, दुरुस्त करतो, नको असेल तर पैसे परत देतो आणि इंटरनेट नसले तरी मुकाट्याने बाजूला होतो, तो कामाचा. जो खेळणाऱ्याला काहीच देत नाही, फक्त त्याची नोंद ठेवतो आणि दारात आडवा उभा राहतो, तो कटकटीचा. तो कोणत्या कंपनीचा, याला महत्त्व नाही. त्याला हाकलण्याची ताकद गिऱ्हाइकाच्या हातात थोडी आहे, कायद्याच्या हातात अधिक आहे. दुहेरी लाँचरची सक्ती असलेला खेळ तसे आधी ठळकपणे सांगून विकला जावा. एकट्याने खेळायच्या खेळाला इंटरनेटची अट नसावी. आणि दुकान बंद करणाऱ्याने विकलेल्या मालाची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती देऊन जावे. एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर देताना मला खाली पाहावे लागणार नाही.